साधेपणाचा धूर

‘फटफटी’ हा शब्द आता मराठीतून जवळजवळ गेला आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला तो सहज होता. खेड्यात कुणाकडे मोटारसायकल आली की ती आधी ऐकू येई आणि मग दिसे. ज्या क्रमाने ती अनुभवाला आली त्याच क्रमाने तिचे नाव पडले. हिंदीत ती ‘फटफटिया’ झाली. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या हार्ले डेव्हिडसन गाड्यांना मागे बाके जोडून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तिलाही लोक ‘फटफट सेवा’च म्हणत. आवाजावरून वस्तूला नाव देणे ही भाषेची बालपणीची खोड आहे असे कुणी म्हणेल. पण त्या खोडीत एक विश्वासही असतो. वस्तूच्या आत जे घडते तेच बाहेर ऐकू येते, असा तो विश्वास. आजच्या मुलांच्या तोंडी ‘बाईक’ हा शब्द आहे आणि त्या शब्दाला कसलाच आवाज नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर माझा एक जुना विद्यार्थी नांदेडहून हैदराबादेस मला भेटायला आला, तो नव्या मोटारसायकलवरून. तिशीचा हा तरुण आता स्वतः एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर त्या सप्टेंबरात २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि बरेच दिवस मनात असलेली गाडी त्याने घेऊन टाकली. गोल दिवा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची पेट्रोलची टाकी, लांब बैठक, कुठे उगाच कोपरे नाहीत. “अगदी तुमच्या गाडीसारखी आहे, सर,” तो म्हणाला. माझी गाडी म्हणजे १९७९ ची येझदी. ती मी १९८४ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली. शिष्यवृत्तीतली शिल्लक पुरली नाही तेव्हा आईने हातातली एक बांगडी काढून दिली. त्यामुळे अशा गाड्यांना कुणी ‘स्वस्त’ म्हटले की मी जरा थबकतो. अंगणात बदामाच्या झाडाखाली ती ताडपत्री पांघरून उभी असते. विद्यार्थ्याने ताडपत्री काढली, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावल्या आणि फोटो घेतला. फोटोत त्या खरोखरच बहिणी दिसत होत्या. तो परत गेल्यावर मात्र त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सारखी, म्हणजे नेमकी कोणत्या अर्थाने?

मराठी समीक्षेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न अनोळखी नाही. घाट आणि आशय यांच्या संबंधावर आपण इतका वाद घातला आहे की त्यातून एखादे ग्रंथालय उभे राहावे. ‘रेट्रो’ म्हणून ज्या गाड्या आज विकल्या जातात त्यांच्यात घाट जुना आहे आणि आशय नवा. २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डने ‘क्लासिक’ आणली तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे रुजला. २०१८ मध्ये ‘जावा’ हे नाव परत आले, २०२० मध्ये होंडाची जुन्या वळणाची ३५० सीसी गाडी आली, २०२२ मध्ये ‘येझदी’ हे नाव परतले आणि त्याच वर्षी दीड लाखाच्या आतबाहेर किंमत असलेली ‘हंटर’ही. यातले जावाचे उदाहरण फार बोलके आहे. जुन्या जावाला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन असत. कारण त्या इंजिनात धूर बाहेर टाकण्याच्या वाटाच दोन होत्या. नव्या जावाचे इंजिन वेगळ्या तत्त्वाचे, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. पण सायलेन्सर दोन ठेवले गेले, आणि हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनावर ज्या धातूच्या पात्या असत तशा पात्याही त्याच्या अंगावर राहिल्या. जे अवयव एके काळी गरजेतून उगवले होते ते आता अलंकार झाले. वाङ्मयात असे काही घडले असते तर आपण त्याला अनुकरण म्हटले असते आणि पुढच्या लेखकाकडे वळलो असतो. इथे तसे करता येत नाही, कारण लाखो माणसे त्या अलंकारापुढे थांबतात आणि त्यांच्यात माझा विद्यार्थी आहे, जो वाङ्मयातल्या अनुकरणाला अजिबात भुलत नाही.

या आकर्षणाला ‘स्मृतिरंजन’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण १९९५ च्या सुमारास जन्मलेल्या मुलाला येझदीची कसली स्मृती असणार? त्याला कळू लागले तेव्हा म्हैसूरचा तो कारखाना बंद पडलेला होता. ज्यांना खरोखर स्मृती आहे त्यांच्या रंजनातही बरीच विस्मृती मिसळलेली असते. त्या गाड्या दीर्घकाळ जशाच्या तशा राहिल्या त्यामागे साधेपणाचे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. इंग्लंडमधल्या रेडिच येथील कंपनीची बुलेट आपल्या सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी हवी होती, म्हणून १९५५ मध्ये मद्रासमध्ये तिचा कारखाना उभा राहिला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासमध्ये मात्र ते जुने इंजिन थोड्याफार फरकाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तयार होत राहिले. फरीदाबादची राजदूत पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा बनवल्या, १९७३ पासून त्याच घडणीवर येझदी, आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागले. परवान्यांचे राज्य, बंदिस्त बाजार, परकीय चलनाची चणचण यांमुळे बदलण्याची सक्ती कुणावर नव्हती आणि बदलण्याची सोयही नव्हती. दुचाकीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारा गिऱ्हाईक ती कशीही आली तरी घेत असे. आज ज्याला आपण अभिजात म्हणतो ते त्या काळी बरेचसे अगतिक होते.

म्हणूनच दार उघडले तेव्हा माणसे भराभर बाहेर पडली. १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात होती. जाहिरातींच्या भाषेकडे समीक्षकाने तुच्छतेने पाहू नये, असे मला त्या जाहिरातीने शिकवले. कारण तीत यंत्राविषयीचा एक संपूर्ण विचार तीन क्रियापदांत मांडलेला होता. चांगले यंत्र कोणते? ज्याचा विसर पडतो ते. हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने हातोड्याचे उदाहरण घेऊन साधारण हेच सांगितले होते: हत्यार नीट चालते तोवर ते आपल्या ध्यानात येत नाही, मोडते तेव्हाच ते ‘वस्तू’ म्हणून समोर उभे राहते. राजदूतवर दुधाचे कॅन लावून पहाटे निघणाऱ्या गवळ्याला हायडेगर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपली गाडी आपल्याला रोज समोर उभी करते, हे मात्र त्याला चांगले ठाऊक होते. शक्य झाले तेव्हा त्यानेही शंभर सीसीची गाडी घेतली. त्याला विसरायचे होते. त्याच्या त्या इच्छेला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

तरीही काही उरते. ते काय, हे सांगण्यासाठी एका रात्रीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी पत्नी हैदराबादहून उदगीरला निघालो होतो, आईची प्रकृती बरी नव्हती म्हणून. जहीराबाद ओलांडून बिदरच्या रस्त्याला लागल्यावर पाऊस सुरू झाला आणि थोड्याच वेळात गाडी बंद पडली. दोन्ही बाजूंना तुरीची शेते, माणूस कुठे नाही. येझदीत एकच दांडा किकचेही काम करतो आणि गिअरचेही; तो वर वळवून मी किका मारत राहिलो. पाय दुखू लागला. मग पत्नी म्हणाली, “अहो, नुसत्या किका मारून काय होणार? उघडून तरी बघा.” मी प्लग काढला. तो ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होते. प्लग वायरीला लावून इंजिनाला टेकवला आणि किक मारली, ठिणगी नाही. म्हणजे दोष विजेत. डाव्या हाताने चाचपडत बाजूचे झाकण उघडले तर आत, जिथे पॉइंट असतात तिथे, पाणी शिरलेले. तिच्या पदराचे एकच टोक कोरडे उरले होते, त्याने ते पुसले, लग्नपत्रिकेचा जाड कागद पॉइंटच्या फटीतून दोनदा ओढला. पुन्हा प्लग टेकवला. त्या अंधारात निळी ठिणगी उडालेली आम्हा दोघांनाही दिसली. पहाटे आम्ही उदगीरला पोचलो. आई त्या वेळी बरी झाली.

मी तेव्हा प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत होतो. त्या रात्रीने मला एक गोष्ट दाखवली, जिचा विचार मी अजून करतो. येझदीच्या इंजिनाशी माझे जे ज्ञान होते ते फार थोडे होते, एखाद्या वहीच्या पानावर मावेल एवढे. पण ते पुरे होते. पेट्रोल, हवा, ठिणगी या तिन्हींपैकी काय नाही ते शोधायचे, आणि चुकलो तर गाडी लगेच सांगणार. आमच्या व्यवसायात असे नसते. समीक्षक तीस वर्षे सलग चुकू शकतो आणि शेवटी त्याचा गौरवग्रंथ निघतो. साध्या यंत्राचे आकर्षण आहे ते इथे, असे मला वाटते. ते आपल्याला कळते. आणि कळल्यामुळे आपण त्याच्याविषयी कुणापुढे तरी उत्तर देऊ शकतो. बुलेट चालू करण्याचा जुना विधी ज्यांनी केला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको: लहान तरफ ओढून सिलिंडरातला दाब सोडायचा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच दाबत न्यायची, तरफ सोडायची, आणि मग एकच भरपूर किक. घाई करणाऱ्याला ती उलट लाथ मारी. सत्तर मिलिमीटर रुंदीच्या सिलिंडरात नव्वद मिलिमीटरची दौड करणारा तिचा पिस्टन इतका निवांत चालतो की प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. फटफटी हे नाव त्या सुटेपणातूनच आलेले.

या ठिकाणी रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोटारसायकलची देखभाल हा विषय घेऊन त्याने १९७४ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले ते आपल्याकडेही एका पिढीने वाचले. त्यातल्या निवेदकाचा मित्र महागडी बीएमडब्ल्यू चालवतो, पण तिच्या अंतरंगात डोकावायला तयार नसतो. निवेदक आपली गाडी स्वतः दुरुस्त करतो. पर्सिगच्या वाचकांच्या नजरेतून एक गोष्ट बहुधा निसटते. त्याची होंडा त्या काळातली आधुनिक गाडी होती, जुन्या घाटाची नव्हे. यंत्र कळण्यासाठी त्याला मागे जावे लागले नाही. आम्हाला का जावेसे वाटते?

गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली, हे सर्वांना माहीत असते. पण १९२४ मध्ये दिल्लीत झालेल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला आणि त्यामागे प्रेम आहे असे कारण दिले, याकडे कमी लक्ष जाते. सिंगरने आपल्या पत्नीला टाके घालताना शिणलेली पाहिले आणि ते कष्ट वाचवण्यासाठी यंत्र केले, अशी हकीकत ते सांगतात. ती इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही हा मुद्दा इथे गौण आहे. महत्त्वाची आहे ती त्यांची कसोटी. यंत्र जुने की नवे, लहान की मोठे, हे ते विचारत नाहीत. ते कुणाचा भार हलका करते आणि कुणावर टाकते, हे विचारतात. मी अनेक वर्षे मनातल्या मनात माझी येझदी शिवणयंत्राच्या शेजारी ठेवत आलो होतो. ती मला कळत होती, माझ्या हातात होती, मला कुठल्याही कंपनीच्या दारात उभी करत नव्हती. साधनशुचितेचा विचार जो आपल्याकडे राजकारणाच्या संदर्भात झाला तो साधनाच्या शब्दशः अर्थानेही करता येईल, असे टिपणही मी एकदा काढले होते. ते टिपण मी छापायला दिले नाही, त्याला कारण माझा मिस्त्री.

काचीगुड्याच्या एका बोळात त्याचे दुकान होते. जेमतेम दोन गाड्या आत मावतील एवढी जागा, भिंतीवर पाने टांगलेले, आणि पायाखाली तेलाने काळी झालेली जमीन. पेट्रोलच्या थाळीत तो उघड्या हातांनी सुटे भाग धूत बसे. गाडीचा आवाज ऐकूनच “कचरा आया साब, बस,” असे निदान करी आणि ते क्वचितच चुके. त्याच्या स्टुलावर बसून मी जितके शिकलो तितके काही परिसंवादांत शिकलो नाही. टू-स्ट्रोक गाडीच्या निळसर धुराला जळक्या तेलाचा एक गोडसर वास असतो. मला तो आवडे, आणि आवडतो असे मी त्याला सांगतही असे. २०१६ च्या हिवाळ्यात मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तो बराच वाळलेला दिसला. मी सवयीने दुकानात गाडी चालू केली. तो खोकू लागला, बराच वेळ खोकत राहिला, आणि मग हात वर करून, जरा ओशाळून म्हणाला, “साब, अब बाहर चालू करो ना.” बस एवढेच. त्या धुरानेच त्याला काही झाले असे म्हणण्याइतके मला वैद्यक कळत नाही. पण बत्तीस वर्षे मी त्या आठ बाय दहाच्या खोलीत गाडी चालू करत होतो आणि माझ्या डोक्यात हा विचार एकदाही आलेला नव्हता.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्या धुराचे मूळ समजून घेतले. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, त्या उघडझाप करणारी साखळी-दांड्यांची यंत्रणा नसते. पिस्टन स्वतःच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटा उघडतो आणि मिटतो. हलणारे मुख्य भाग जेमतेम तीन. यालाच आपण साधेपणा म्हणतो. पण जळलेला वायू बाहेर पडण्याची वाट आणि नवे पेट्रोल आत येण्याची वाट या रचनेत काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात, आणि आत आलेल्या पेट्रोलचा काही अंश न जळताच बाहेर निसटतो. शिवाय वंगणासाठी तेल पेट्रोलातच मिसळायचे, म्हणजे तेही जळत जळत बाहेर. धूर हा त्या यंत्राचा बिघाड नव्हता. जहीराबादच्या रस्त्यावर ज्या रचनेमुळे मला ते यंत्र कळले, त्याच रचनेतून काचीगुड्यातला धूर निघत होता. साधेपणा माझ्या वाट्याला आला आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या श्वासात गेली. आणि हे मी तेवढा काळ प्रामाणिक यंत्र म्हणून मिरवले. ते प्रामाणिक होतेच, पण माझ्यापुरते.

आता त्या विद्यार्थ्याच्या गाडीकडे पाहू. तिच्यात कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवतो, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सेन्सर त्याला खबर देतो, आणि उरलेसुरले विष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये निवळते. हे सगळे एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे आले. ओल्या रस्त्यावर चाक घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणाही १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीची आहे. या गुंतागुंतीला आम्ही जुनी माणसे नाके मुरडतो. ‘आत काय आहे काही कळत नाही’ म्हणतो. कळत नाही हे खरेच. पण ती गुंतागुंत तिथे का आहे? गाडीच्या मागे सायकलवरून चाललेल्या, फुटपाथवर भजी तळणाऱ्या, ज्याला चालक कधी ओळखणारही नाही अशा माणसाचा विचार यंत्रात शिरला तो या रूपाने. चालकाच्या मनात तो शिरण्याची वाट पाहिली असती तर माझ्यासारख्यांमुळे आणखी बत्तीस वर्षे लागली असती. १९९१ मध्ये आपल्याकडे धुराचे पहिले नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले, आणि टू-स्ट्रोक मोटारसायकल रस्त्यावरून हटली. साध्या यंत्राचा तो पराभव मी त्या वेळी एका लेखात शोकाच्या सुरात नोंदवला होता. आज तो लेख मी तसा लिहिणार नाही.

अर्थात सगळीच गुंतागुंत या जातीची नसते. एक गुंतागुंत दुसऱ्यासाठी असते, एक मालकीसाठी. गाडीला काय झाले हे वाचण्याचे उपकरण फक्त अधिकृत केंद्रात मिळावे, सुटा भाग सुटा मिळू नये, बोळातल्या मिस्त्रीला झाकण उघडताच येऊ नये, यात कुणाच्याही फुप्फुसांची काळजी नाही. या दोन्ही एकाच डब्यात बंद करून आपल्याला दिल्या जातात, आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरी खपवली जाते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी एक समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही आहेत. हा प्रश्न निदान सरकारी कागदावर आला. मिस्त्रीचा मुलगा आता एका मोठ्या केंद्रात नोकरी करतो. पगार वेळेवर मिळतो, हातात रबरी मोजे असतात. “बाबा ऐकून सांगायचे, आम्ही स्क्रीनवर बघतो,” असे तो मला म्हणाला. त्या म्हणण्यात खंत होती की समाधान, ते मला नक्की ओळखता आले नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते. आज आपल्या रस्त्यावरची खरोखर साधी, स्वस्त, लहान इंजिनाची गाडी कोणती, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर १९९४ पासून निघत असलेल्या स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्या हे आहे. पेपर टाकणारा मुलगा, गवंडी, गॅसचे सिलिंडर पोचवणारा, विमा-प्रतिनिधी यांच्या मांडीखाली ती आहे. तिच्या साधेपणावर कुणी निबंध लिहीत नाही. मीही इतकी पाने होईपर्यंत तिचे नाव घेतले नव्हते. ज्याला पर्याय नाही त्याचे साधेपण डोळ्यांत भरत नाही, ज्याला पर्याय आहे त्याचेच दिसते. अपरिग्रह आणि दारिद्र्य यांत आपल्या परंपरेने फरक केला तो योग्यच होता. पण त्या फरकाचा फायदा नेहमी पहिल्यालाच मिळत आला. एके काळी राजदूतही गवळ्याचीच गाडी होती. रस्त्यावरून ती नाहीशी झाल्यावरच तिच्यात सौंदर्य दिसू लागले, तसे स्प्लेंडरचेही व्हायचे असेल.

मग त्या नव्या गाडीचा जुना घाट हे ढोंग आहे का? मी बरेच दिवस ‘हो’ म्हणत होतो. आता तेवढ्या जोराने म्हणवत नाही. तिच्या अंगावरच्या काही रेषा खोटे बोलतात हे उघड आहे. पण माझ्या विद्यार्थ्याला त्या रेषांमध्ये जे हवे आहे ते खोटे नाही. त्याला एक अशी वस्तू हवी आहे की जिच्याकडे बघून ती कशी चालते याचा अदमास यावा. दिवसभर त्याच्या हातात असलेल्या इतर कोणत्याही वस्तूविषयी त्याला तो येत नाही. त्याला वस्तू मिळाली नाही, तिचे चित्र मिळाले. मला वस्तू मिळाली होती, आणि तिच्या मागे कोण उभे आहे ते मी पाहिले नाही. आमच्या दोघांत कोण अधिक फसला हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझ्या गाडीच्या नोंदणीची मुदत पुढच्या वर्षी संपते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, आणि आजवर मी ती घेत आलो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा क्रमांक मिळू शकतो. मात्र असे वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे आणखी चार वर्षे ती टिकली तर सरकार तिला वारसा म्हणून मान्यता देईल, चालवायची नाही या अटीवर. मुलगी म्हणते, द्या आताच कुणा संग्राहकाला. पत्नी काही म्हणत नाही. तिला जहीराबादचा रस्ता आठवत असावा.

गेल्या महिन्यात तो विद्यार्थी पुन्हा आला. या वेळी त्याने ताडपत्री स्वतःच काढली आणि विचारले, “सर, प्लग कसा काढतात ते दाखवाल?” दाखवला. काजळी पॉलिश पेपरने घासून काढायला लावली, पॉइंटमधून कागद ओढायला लावला, ठिणगी दाखवली. त्याच्या बोटांना तेल लागले, ते त्याने पँटला पुसले. मग त्याने दांडा वर वळवून त्यावर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. शेजारच्या घराची खिडकी उघडी होती. तिथे चार महिन्यांचे मूल झोपवलेले असते. मी त्याला म्हटले, अशी नको, आधी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानापर्यंत ढकलत ने. त्याने गाडी स्टँडवरून उतरवली. ती दिसते त्यापेक्षा जड आहे. अर्ध्या गल्लीत तो दम खायला थांबला, तेव्हा मी मागून हात लावला.